महामंडलेश्वर मोकाशींची पंगत

गेल्या महिन्यात अंबरनाथला एका लग्नाला गेलो. मुलगा कोणाचा आणि मुलगी कोणाची हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण पत्रिका आली होती आणि घरातलं दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. हॉलच्या दारात सहा माणसं अंगरखे घालून, तुताऱ्या घेऊन उभी होती. पाहुणा आला की तुतारी तोंडाला लावायची, गाल फुगवायचे. आवाज मागच्या स्पीकरमधून यायचा. एकाची तुतारी खाली आल्यावरही ती थोडा वेळ वाजत राहिली. आत जेवणाच्या टेबलांमागेही सगळे मावळेच. पगडी घातलेल्या एका मावळ्यानं मला मंचुरियन वाढलं आणि विचारलं, "सर, ड्राय की ग्रेव्ही?"

थाळी घेऊन खिडकीशी गेलो. खाली वालधुनीचं वळण, पलीकडे काळ्या दगडाचं शिवमंदिर आणि त्याचं अर्धंच उरलेलं शिखर. तेव्हा लक्षात आलं की हॉल उभा आहे ते आमचं मैदान. इथेच आम्ही दरवर्षी महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी, भर दुपारी, मांडी घालून बसत होतो आणि आपण अकराव्या शतकात आहोत असं एकमेकांना पटवत होतो. माझ्या अंदाजानं मंचुरियन होतं तिथे आमची चूल असे.

मला आधी आठवतो तो वास. यात्रा उठून गेलेली असायची. मैदानभर तुडवलेली बेलाची पानं, नारळाच्या शेंड्या, उसाची चिपाडं. त्यावर नदीचा वास. नदीचा रंग तेव्हा वारावर असे. रविवारी बहुधा तांबूस. वरच्या अंगाला कोण काय सोडतं हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते बोलत नव्हते. त्या वासात कढत्या तुपाचा वास मिसळून जो तिसरा वास तयार होई, तो मला पुन्हा कुठे भेटला नाही. तो पुन्हा यावा असं मला वाटतं, हे कुठल्याही डॉक्टरसमोर बोलण्यासारखं नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागलो होतो. दुसऱ्यांनी काढलेल्या रेघांवरून रेघा ओढायच्या, असं काम. वाचन बरंच होतं, त्यामुळे सगळ्यांना हसायची मला सवय होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पेन्सिली आणायला स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरकीपर मोकाशी जाड भिंगांच्या चष्म्यातून माझी स्लिप वाचत होते. पन्नाशीचा, बुटका, खांद्यात जरा वाकलेला माणूस. अख्खी कंपनी त्यांना काका म्हणे.

"अरे, तू नवीन ना? रविवारी जेवायला ये."

"कुठे, घरी?"

"अकराव्या शतकात," काका म्हणाले आणि पेन्सिलींबरोबर एक टाइप केलेला कागद दिला. कार्बनची चौथी प्रत असावी. अक्षरांची पोटं बुजलेली.

त्यावर नियम होते. ज्या काळी हे देऊळ बांधलं, त्या शिलाहार राजांच्या काळातली ही पंगत. शिवलेलं वस्त्र नको. घड्याळ नको. सेफ्टीपिन नको, ती इंग्रजांची. आणि समुद्रापलीकडून मागाहून आलेलं काहीही पानात नको: मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, साबुदाणा, पेरू, लाल भोपळा, काजू. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, उरलं काय? महाराष्ट्र तर या कागदावरच संपला.

शेवटच्या नावावरून मोकाशींच्या घरात कायमचं भांडण होतं. काकू कोकणातल्या. त्या म्हणत, "माझ्या माहेरी परसात बारा झाडं आहेत काजूची."

"परसात आहेत गं. पण पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरलेली."

"उतरली तेव्हा तुम्ही बंदरावर उभे होतात का?"

न शिवलेलं वस्त्र घ्यायला मी उल्हासनगरला गेलो, कॅम्प एकमध्ये. काकांनीच दुकान सांगितलं होतं. दुकानदार होतूमल, साठीचे सिंधी गृहस्थ, गादीवर पाय दुमडून बसलेले. मी चाचरत म्हणालो, शिवलेलं नको, नुसतं कापड हवंय, नेसायला आणि खांद्यावर घ्यायला.

"मोकाशी का आदमी?" त्यांनी न बघताच ताग्याला हात घातला. "मैं भी आता हूँ हर साल. मेरा खाना वहाँ फिक्स है." मग कापड फाडता फाडता म्हणाले, "तुम लोग हजार साल पीछे जाते हो, भाऊ. मुझे चालीस साल पीछे भी कोई जाने नहीं देता." आणि स्वतःच मोठ्यानं हसले. मी पण हसलो. कशावर हसलो ते मला बऱ्याच वर्षांनी समजलं, आणि तोवर हसून झालं होतं.

त्या रविवारी मैदानावर पन्नाससाठ माणसं होती. कंपनीतले साहेब, फिटर, टर्नर, कॅन्टीनवाले, क्वार्टर्समधल्या बायका, शाळेचे दोन मास्तर. सगळे पुरुष उघडे, खांद्यावर उपरणं. ज्या पोटांना मी आठवडाभर 'साहेब' म्हणत होतो, ती पहिल्यांदाच समोरासमोर दिसली. बायका मात्र नऊवारी नेसून, ब्लाउज घालून आल्या होत्या. काकांनी पहिल्या वर्षी त्यावर हरकत घेतली होती म्हणे. काकूंनी चारचौघांत विचारलं होतं, "शिवलेलं नको ना? मग आधी तुमच्या धोतराखाली काय आहे ते काढून या." तेव्हापासून स्त्रियांना शिलाहार राजांनी सूट दिलेली होती.

मैदानाच्या तोंडाशी घड्याळं काढून घेत. काका शेवटी स्टोअरकीपरच. प्रत्येक घड्याळाला दोरीनं चिठ्ठी बांधली जाई, चिठ्ठीचा अर्धा भाग आपल्याकडे. अकराव्या शतकाची पावती घेऊन माणूस आत शिरत असे. आत काका पाटावर बसलेले, कपाळाला गंध, गळ्यात जाड माळ. त्या दिवसापुरते ते, शिलाहार राजांच्या पदवीनं, महामंडलेश्वर. नवीन येणाऱ्यानं त्यांच्यापुढे उभं राहून कोणत्या देशाहून आलो ते सांगायचं, अशी रीत होती. धोतर दोन्ही हातांनी धरून मी उभा राहिलो.

"अतिथी कोणत्या देशीचे?"

"डोंबिवलीचा."

"त्या काळी डोंबिवली कुठली!"

"आत्ताही फारशी नाही."

पंगत हसली. काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून ठेवला होता, कारण तोही त्या काळी नव्हता, त्यामुळे माझं तोंड त्यांना धड दिसत नव्हतं. आवाजाच्या दिशेनं ते म्हणाले, "बस. याला तूप जास्त वाढा."

ते जेवण जसं होतं तसं सांगतो. केळीची पानं. वालाचं बिरडं, मिरे आणि ओलं खोबरं घालून. सुरणाची भाजी, कोहळ्याचं सांबारं, आल्याची कढी, उडदाचे वडे, गव्हाची खीर. स्वयंपाक केणीमामांचा. ते बदलापूरकडच्या एका गावचे, कंपनीच्या कॅन्टीनचे आचारी. वाढताना ते दरवर्षी तेच पुटपुटत, "मिर्ची नाय तं जेवान कसला? पेशंटचा डबा झाला हा." आणि दरवर्षी त्यांच्याच कमरेला पळसाच्या पानात बांधलेला ठेचा असे. वाढत वाढत ते दूर गेले की पान हातोहात सरकायचं. महामंडलेश्वरांना चष्म्याशिवाय पाच हातांपलीकडचं दिसत नसे. त्यांच्या राज्यात मिरची मागच्या रांगेपासून सुरू व्हायची. नाक मात्र त्यांना होतं. ठेचा फिरायला लागला की ते मान वर करून हुंगत, मग मोठ्यानं म्हणत, "मिरे बरे लागलेत यंदा!"

जेवण झालं की ताम्रपटाचं वाचन. तांब्याचा नव्हता, पत्र्याचा होता. अक्षरं कंपनीतल्याच कोणी ठोकून दिलेली. ही पंगत आचंद्रार्क, म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोवर, चालावी असं त्यावर होतं. त्यानंतर शाप. त्या काळच्या दानशिळांवर असतो तसा, गाढवाचा. जो कोणी ही पंगत मोडील त्याच्या मातेस... इथवर काका आले की काकू शंख फुंकत. शंख कुठे सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा हे त्यांना इतकं नेमकं माहीत होतं की मी होतो त्या नऊ वर्षांत एकदाही तो एक शब्द कोणाच्या कानावर पडला नाही. आणि तो सगळ्यांना पाठ होता.

मी हसायलाच गेलो होतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. तिसऱ्या वर्षी धोतर सुटेनासं झालं. पाचव्या वर्षी एका नव्या फिटरनं साबुदाण्याच्या पापड्या आणल्या, त्या मीच अडवल्या आणि साबुदाणा कुठून आला यावर त्याला दहा मिनिटं ऐकवलं. काका पाटावरून कान देऊन ऐकत होते.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांनी मला स्टोअरमध्ये बोलावलं. ग्रीसचा आणि ज्यूटच्या पोत्यांचा वास. रॅकवर प्रत्येक खणाला कार्ड लावलेलं. शेवटच्या रॅकच्या खालच्या खणात पंगतीचं सामान होतं: शंख, पत्रा, घड्याळांच्या चिठ्ठ्या, वाढण्याचे डाव. त्यालाही कार्ड होतं.

"अरे, हे आता तू घे."

"मी? काका, मी तर हसतो सगळ्याला."

"म्हणूनच. हात जोडणारे दोन वर्षांत विसरतात. हसणाऱ्याला लक्ष ठेवावं लागतं." मग कार्डावर माझं नाव लिहीत म्हणाले, "मला एवढंच पाहिजे. मी नसलो तरी एक दिवस हे व्हायला पाहिजे. मोठं नको. दहा माणसं बसली तरी पंगतच ती."

त्या वर्षी पत्र्यावरच्या वाचनात रक्षक म्हणून माझं नाव घेतलं गेलं. शंख खाली ठेवून काकू मला म्हणाल्या, "आईला विचारून आलास का? शाप तिला लागणार आहे."

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग मोडू नकोस बाबा. या वयात मला गाढव झेपायचं नाही."

काका निवृत्त झाले, क्वार्टर सोडून बदलापूरला मुलीजवळ राहायला गेले, आणि चारसहा महिन्यांत त्यांची उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, निम्मी जीभ गेली. त्यानंतर एका सकाळी कंपनीचं गेट उघडलं नाही. कारणं त्या वेळी सगळ्यांना तोंडपाठ होती. आज मला एकही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की भोंगा न झाल्यामुळे क्वार्टर्समधल्या कोंबड्यासुद्धा गोंधळल्यासारख्या हिंडत होत्या. माणसं गावी गेली, कोणी रिक्षा घेतली. मी दुसरीकडे नोकरी धरली.

त्या फाल्गुनात मी पंगत केली. अकरा माणसं आली. केणीमामा आले, पण ठेचा आणला नाही, म्हणाले, "लपवायचा कुनापासून आता?" शंख मीच फुंकला आणि तो चुकीच्या जागी फुंकला गेला. शापातला तो शब्द नऊ वर्षांत पहिल्यांदा मैदानावर स्पष्ट ऐकू आला. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी बदलापूरला गेलो. काका खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसलेले. मला पाहताच त्यांनी डावा हात हलवला. "झा... ली?"

"झाली काका."

"कि... ती?"

"तीसेक होती," मी म्हणालो. अकराला तीस म्हणणं म्हणजे खोटं नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं. अर्ध्या ओठानं ते हसले. काय काय केलं, कढीत आलं पुरेसं होतं का, तूप कोणी वाढलं, सगळं त्यांनी तुकड्या तुकड्यांनी विचारलं. मी सांगत गेलो.

पुढच्या वर्षी मैदानावर मी आणि होतूमल, दोघेच. त्यांनी डब्यातून उडदाचे वडे आणले होते. नदीकडे तोंड करून आम्ही ते खाल्ले. पत्रा मी पिशवीतून काढलाच नाही. होतूमल म्हणाले, "ऐसेही होता है, भाऊ. पहले सब बोलते हैं वापस जाएंगे, वापस जाएंगे. फिर दो लोग बोलते हैं. फिर कोई नहीं बोलता." बदलापूरला मी चाळीस माणसं सांगितली. नवी पोरं आल्याचं सांगितलं. एकाचं धोतर सुटल्याचंही सांगितलं, आणि काका इतके हसले की काकूंना त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्याच्या पुढच्या वर्षी मैदानाला तारेचं कुंपण होतं आणि मी अंबरनाथला उतरलोसुद्धा नाही. थेट बदलापूरला गेलो आणि साठ माणसं जेवू घातली. निघताना काकू दारापर्यंत आल्या. चपला घालत होतो तेव्हा हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी माणसं जरा कमी सांग रे. आकडा मोठा झाला की यांना झोप येत नाही. सगळ्यांना पुरलं का, सगळ्यांना पुरलं का, म्हणून मला विचारत बसतात."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी मान खाली घालून चपलेचा पट्टा लावत राहिलो. तो आधीच लागलेला होता.

चौथ्या वर्षी मी माणसं कमी केली, पण हात मोकळा सुटलेला होता. माणसं कमी केली ती जेवणात भरून काढली. खोटी पंगत खरीपेक्षा चविष्ट करणं फार सोपं असतं. बाहेर उन्हाळा लागलेला, आंब्यांना मोहोर, बाजारात कोवळे फणस. कढी सांगितली, सुरण सांगितलं, खीर सांगितली. काका डोळे मिटून ऐकत होते, ओठ चव घेतल्यासारखे हलत होते. त्यांना आणखी काहीतरी द्यावंसं वाटलं.

"आणि केणीमामांनी ओल्या काजूची उसळ केली होती, काका. लोकांनी पान चाटायचं तेवढं बाकी ठेवलं."

काकू कोपऱ्यात भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. काजूवरून तीस वर्षं भांडलेली बाई. त्यांना माझ्याही आधी कळलं.

काकांनी डोळे उघडले. ज्या पंगतीत काजू वाढले गेले ती पंगत झालीच नव्हती, आणि चौथी झाली नसेल तर तिसरीचं काय, दुसरीचं काय. हे सगळं त्या अर्ध्या चेहऱ्यावरून सावकाश जाताना मला दिसत होतं. त्यांनी चष्मा घातलेला होता. ते माझ्याकडे नीट पाहत होते.

मग ते म्हणाले, "तुम्हाला... उशीर होईल. गाडी... असेल."

मला आधी वाटलं, तुम्हाला म्हणजे आम्हा सगळ्यांना, सगळ्या पंगतीला. सवयीनं मागे वळूनसुद्धा पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

दारात मी काकूंना विचारलं, "रागावलेत का?"

"नाही रे," काकू म्हणाल्या. "रागावले की हाक मारून बोलतात ते. परक्या माणसाशी तेवढे अदबीनं वागतात. पहिल्यापासूनच."

त्यानंतर ते दोन वर्षं होते. मी जात राहिलो. आता सांगायला काही नव्हतं आणि त्यांनीही पंगतीचं पुन्हा विचारलं नाही. तुमच्या आईची तब्येत कशी आहे. तुमच्याकडे पाणी येतं का. तुम्ही चहा घेणार ना. एवढंच बोलणं, तेही अडखळत. आणि त्या अडखळण्यात 'तू' म्हणणं किती सोपं पडलं असतं! एक अक्षर वाचलं असतं. पण ते पूर्ण शब्द ओढत आणत, जिभेवर ठेवत आणि माझ्यापुढे मांडत.

आई पुढे साध्या म्हातारपणानं गेली. शाप-बिप काही लागला नाही. लागला असता तर निदान पंगत होती याला पुरावा राहिला असता.

हॉलच्या खिडकीतून देऊळ अजून दिसत होतं. त्याच्याकडे पाहताना मला शेवटची भेट आठवत होती. काका बरेच थकले होते. मी उठलो तेव्हा त्यांनी डावा हात छातीपर्यंत आणला. नमस्काराला जोडायला दुसरा नव्हता, म्हणून तो तसाच एकटा, बोटं मिटून, धरून ठेवला.

"आपण... आलात," ते म्हणाले. "बरं... वाटलं."

'तुम्ही'वरून मी 'आपण'पर्यंत पोचलो होतो. माणसाला याहून लांब ठेवायची सोय मराठीत नाही.